शेवटच्या कडव्यातले नाव



बुद्ध पौर्णिमेच्या आधी घराची झाडलोट काढली, तेव्हा माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली आली. आत वडिलांच्या जुन्या कॅसेटी होत्या. पारनेर तालुका दुष्काळी. पाऊस दगा देई म्हणून घरटी एखादा माणूस मुंबईला पोटामागे गेलेला. 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादन करायचे आणि जमेल तेव्हा एखादी भीमगीतांची कॅसेट पदरात पाडून गावी आणायची, असा वडिलांचा शिरस्ता होता.

एका कॅसेटवर बाबासाहेबांचे चित्र आणि खाली कुठल्याशा लहान कंपनीचे ठळक नाव होते. गाणाराचे नाव पुसट झालेले आणि लिहिणाराचे तर छापलेलेच नाही. धाकटी सून म्हणाली, "आत्याबाई, आता टेपही नाही. टाकून देऊ का?" आई म्हणाली, "टाकू नको गं. शेवटचे कडवे ऐक. नाव तिथे असेल."

शेजारून टेप आणला. खरखरीतून आवाज उमटला आणि शेवटच्या कडव्यात नाव आले : वामन.

आमच्या कवींची ही रीतच आहे. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीला 1922 साली जन्मलेले वामनदादा कर्डक मोठेपणी मुंबईत अक्षर शिकले आणि 1943 पासून गीते लिहू लागले. 2004 साली ते गेले, तोवर त्यांची हजारो गीते गावोगाव पोहोचली होती. कागदावर कोणी नाव छापो न छापो, गाण्यातच गुंफलेले नाव कोण पुसणार? पण एखाद्या गायकाने शेवटचे कडवे गाळले किंवा नाव बदलले, की कवी कायमचा हरवतो.

आधी जलसे होते. भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी बाबासाहेबांचा विचार वस्तीवस्तीत नेला. त्या काळी ध्वनिमुद्रिका काढणे म्हणजे मोठ्या कंपनीचे काम. कंपनीने काही भीमगीते काढलीही, पण गावोगावच्या गायन पार्ट्यांपर्यंत ती कुठून पोहोचणार? पुढे कॅसेट आली. यंत्र स्वस्त, खर्च थोडा. 1980 नंतर देशभर शेकडो लहान कंपन्या उभ्या राहिल्या आणि आमच्या गायकांना दार उघडले. पण घाईच्या धंद्यात नावांची नोंद कोण ठेवतो?

हे दुःख आपल्या एकट्याचे नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागात काळ्या लोकांना गोऱ्यांच्या शाळेत, हॉटेलात मज्जाव होता, तेव्हाची गोष्ट. मेम्फिस शहरात सॅम फिलिप्स नावाच्या गृहस्थाने 1952 साली 'सन' नावाची छोटी रेकॉर्ड कंपनी काढली. काळ्या लोकांच्या गाण्यातून 'रॉक अँड रोल' नावाचे जे संगीत जन्मले, त्याच्या आरंभीच्या कितीतरी तबकड्या अशा लहान कंपन्यांनी काढल्या. 1 जून 1953 रोजी नॅशव्हिलच्या तुरुंगातून पाच काळे कैदी पहाऱ्यात मेम्फिसला आणले गेले. त्यांच्या चमूचे नाव 'प्रिझनेअर्स'. जॉनी ब्रॅग आणि रॉबर्ट रायली या दोन कैद्यांनी रचलेले पावसातल्या चालण्याचे गाणे त्यांनी गायले आणि ते पुन्हा तुरुंगात गेले. 1956 साली तेच गाणे जॉनी रे या गोऱ्या गायकाने मोठ्या कंपनीसाठी गायले आणि ते जगभर गाजले. कैद्यांना आज फार थोडे लोक ओळखतात. पण ती लहान तबकडी कोणीतरी जपली, म्हणून पहिला आवाज कोणाचा हे आज ठामपणे सांगता येते.

आपली तबकडी कोण जपणार? ती तुमच्या-आमच्या पेटीत आहे. कितीतरी पार्ट्यांचा आवाज कंपनीच्या कॅसेटवर नाही, फक्त जयंतीच्या रात्री कोऱ्या कॅसेटवर भरलेला आहे. आमच्या घरातल्या अशाच एका कॅसेटवर कोणीतरी पुढे सिनेमाची गाणी भरली. त्या रात्री चुलत्यांनी गायलेले गीत आता कोणालाच ऐकता येणार नाही.

म्हणून माता-भगिनींनो, बंधूंनो, एवढे करा. जुनी कॅसेट ओलाव्यापासून, उन्हापासून आणि लाऊडस्पीकरच्या लोहचुंबकापासून दूर ठेवा. घरी भरलेल्या कॅसेटच्या मागच्या कडेची दोन्ही प्लॅस्टिकची पाकळी मोडून टाका, म्हणजे चुकून वर दुसरे काही भरले जाणार नाही. टेप मिळाला तर गाणी मोबाइलमध्ये उतरवून घ्या. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ वही घेऊन बसा : गायले कोणी, लिहिले कोणी, ढोलकीवर कोण, साल कोणते, गाव कोणते.

आमच्या त्या कॅसेटच्या डबीवर सुनेने आता बॉलपेनने लिहिले आहे : कवी – वामनदादा कर्डक. आईला वाचता येत नाही. तिने डबी हातात घेतली, त्या अक्षरांवरून बोट फिरवले आणि पेटीत ठेवली नाही. बाबासाहेबांच्या तसबिरीजवळ ठेवली.

नमो बुद्धाय! जयभीम!