संगणक बंद होत नाही? पिन ओढू नका!

शाळा सुटली आहे, आणि एक संगणक 'बंद होत आहे' एवढेच दाखवीत दहा मिनिटे थांबून राहिला आहे. अशा वेळी कोणीतरी ओरडतो, "ओढ रे पिन!" आमच्या मते ही सवय शाळांनी सोडली पाहिजे.

धुळे जिल्ह्यातील नरडाणा हे सुरत-भुसावळ लोहमार्गावरील स्टेशन. तेथून गाडी सुटते ती पुढचा मार्ग मोकळा असल्याची खात्री झाल्यावरच. गाडी थांबली, तर मार्ग कशाने अडला ते आधी पाहतात. संगणकाचेही तसेच आहे. आज्ञा मिळताच तो चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला काम आटोपण्यास सांगतो, स्मृतीतील मजकूर डिस्कवर उतरवतो आणि शेवटी वीज तोडण्याची खूण करतो. जुन्या यंत्रांत ही शेवटची पायरी माणसाकडे असे. 'आता बंद करण्यास हरकत नाही' असे पडद्यावर आले, की आपण खटका दाबायचा. 1995 साली आलेल्या एटीएक्स रचनेमुळे ते कामही यंत्राकडे गेले.

तेव्हा, कोणती पायरी अडली आहे? पडदा 'बंद होत आहे' यावरच थांबला, तर बहुधा एखादा प्रोग्रॅम किंवा ड्रायव्हर उत्तर देत नाही. पडदा काळा झाला पण पंखा फिरतोच आहे, तर ड्रायव्हर किंवा बायोसची मांडणी तपासावी. बंद होऊन लगेच पुन्हा सुरू झाला, तर माउस किंवा नेटवर्क त्याला जागे करीत असेल. नवा प्रिंटर जोडला आहे का? तो काढून पुन्हा पाहा. मात्र एका वेळी एकच बदल करा. दोन केलेत तर गुण कशाने आला ते कळणार नाही.

"एवढा वेळ कोणाला आहे?" असे शिक्षक विचारतील. पण पिन ओढली, तर अर्धवट लिहिलेली फाइल बिघडू शकते, आणि दोष उद्याही तसाच राहतो. अगदी निरुपाय झाला, तर बटण चारपाच सेकंद दाबून धरावे. धूर किंवा जळका वास आला, तर मात्र मुख्य खटका तत्काळ बंद करावा.

प्रत्येक संगणकाजवळ एक वही ठेवा. काय दिसले, काय बदलले, काय घडले, ते तारखेसह लिहा. प्रयोगवहीत तुम्ही हेच तर करता!