वाटाण्याच्या पुढचा धडा

नववीच्या विज्ञानात ‘आनुवंशिकता व परिवर्तन’ हा धडा आहे. उंच वाटाणा, बुटका वाटाणा, ३:१ हे गुणोत्तर. मुलं ते पाठ करतात, पेपरात उतरवतात आणि मोकळी होतात. फार तर बाई जीभ वळवून दाखवायला सांगतात आणि वर्ग खदखदून हसतो. जीभ वळणं एका जनुकाने ठरत नाही, एकसारख्या जुळ्यांतही फरक दिसतो, हे १९५२ सालीच लक्षात आलं होतं. तरी खेळ चालूच आहे.

आपल्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात याहून खरं उदाहरण घरोघरी आहे. फाळणीनंतर सिंधमधली कुटुंबं कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उतरली. १९४९ मध्ये त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. पत्त्यात ‘कॅम्प’ मात्र अजून आहे. बीटा थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक देशात शंभरात तीन-चार, सिंधी समाजात त्याहून बरेच जास्त. पंजाबी, गुजराती, बंगाली समाजांतही प्रमाण मोठं आहे. यात कुणाचा दोष नाही. वाहकाला मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं, म्हणून हे जनुक टिकलं. लग्नं समाजातच होत राहिली, म्हणून दोन वाहक एकत्र येण्याची शक्यता वाढली.

वाहक, म्हणजे ‘मायनर’, ठणठणीत असतो. आई-वडील दोघेही मायनर असतील तर मात्र मूल ‘मेजर’ असू शकतं. मग दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवायचं आणि त्या रक्तातून साठणारं लोह काढायला रोज औषध घ्यायचं.

हे शिकवायला प्रयोगशाळा लागत नाही. दोन मुलांनी एकेक नाणं उडवावं, एक आईचं, एक वडिलांचं. काटा म्हणजे सदोष जनुक; दोन्हीकडे काटा आला तर मेजर. दहा-वीस वेळा उडवलं की मुलांना कळतं, ‘चारात एक’ म्हणजे पहिलं मूल आजारी झालं की पुढची तीन सुटली, असं नाही. प्रत्येक खेपेला नाणी नव्याने पडतात. मग फळ्यावर गणित: शंभरात चार वाहक असतील तर ६२५ जोडप्यांत एक जोडपं दोन्हीकडून वाहक; शंभरात दहा असतील तर शंभर जोडप्यांतच एक. उल्हासनगरला हा धडा जास्त का लागतो, ते इथे उमगतं.

वर्गात एक पथ्य मात्र पाळावं. कुणाच्या घरी काय आहे, हे विचारू नये. कुणाचा रिपोर्ट मागू नये. ‘वंशावळ काढून आणा’ हा गृहपाठ दत्तक मुलाला किंवा आजारी भावाच्या बहिणीला जड जातो. काल्पनिक कुटुंब घ्यावं, काम भागतं.

सायप्रसमध्ये लग्नाआधीच्या रक्ततपासणीमुळे नवे मेजर रुग्ण जवळपास थांबले. आपल्याकडे वाहक ओळखणारी एचबीए-२ ची तपासणी आयुष्यात एकदाच करायची असते, पण स्थळ बघताना बहुधा मुलीचीच करतात, आणि ती वाहक निघाली की तिच्यातच खोट काढतात. नाणी उडवलेल्या मुलाला ठाऊक असेल की एका नाण्याने मेजर होत नाही. आधी त्याने स्वतःची तपासणी करून घ्यावी, एवढं जरी नववीतून साधलं, तरी ते गुणपत्रिकेतल्या गुणांपेक्षा मोठं.