फुकट आहे म्हणून गप्प बसायचे?

सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीबद्दल रुग्णाने तोंड उघडले की तीन उत्तरे तयार असतात. उपचार फुकट मिळतात, मग कुरकुर कशाला? गर्दीच एवढी आहे, डॉक्टर तरी काय करणार? आणि अडाणी माणसाला वैद्यकातले काय कळते? ही उत्तरे रुग्णालयातले कर्मचारी देतातच, पण ज्यांना त्या रांगेत कधी उभे राहावे लागले नाही असे सुशिक्षितही देतात. नीट तपासली तर तिन्हींपैकी एकही टिकत नाही.

आधी तक्रार नेमकी कशाची असते ते पाहावे. मधुमेह असलेली साठीतली शेतमजूर बाई पहाटेच्या एसटीने जिल्ह्याच्या गावी येते. रक्त उपाशीपोटी द्यायचे म्हणून चहाही घेतलेला नसतो. केसपेपरच्या रांगेत तासभर जातो, मग मेडिसिनच्या ओपीडीबाहेर दोन तास. डॉक्टर तपासणी लिहून देतात, तोवर रक्त घेण्याची खिडकी बंद झालेली असते. ‘उद्या या.’ उद्या म्हणजे आणखी एक बुडालेला रोज आणि पुन्हा भाडे. एसटीत महिलांना ते अर्धे असले तरी खिशातूनच जाते. औषधांच्या खिडकीवर पाचांपैकी तीन गोळ्या मिळतात. उरलेल्या दोन नावांभोवती पेनने गोल करून चिठ्ठी परत येते, ‘या बाहेरून घ्या.’ असा दिवस कितीतरी रुग्णांच्या वाट्याला येतो.

महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने 15 ऑगस्ट 2023 पासून आपल्या रुग्णालयांतले उपचार निःशुल्क केले. निर्णय चांगलाच, पण तो दानधर्म नव्हे. ही रुग्णालये करातून चालतात, आणि मजूर बाईसुद्धा साबणापासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत कर भरतच असते. पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये उपचार हा हक्क असल्याचे स्पष्ट केले. रेल्वेतून पडून जबर जखमी झालेल्या मजुराला कलकत्त्यातल्या एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले होते. गरजूला वेळेवर उपचार न देणे हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि त्यासाठी पैशांच्या टंचाईची सबब राज्याला सांगता येणार नाही, असे न्यायालयाने बजावले.

फुकट उपचार घेणाऱ्याचे हात उलट अधिकच बांधलेले असतात. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांच्या सेवा ग्राहक कायद्याखाली आणल्या. मात्र जिथे सर्वांवरच मोफत उपचार होतात ती रुग्णालये बाहेर ठेवली. रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी, असा नियम राज्याने 2021 मध्ये केला, तोही खासगी रुग्णालयांसाठी. सरकारी ओपीडीतल्या रुग्णाला ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद, आणि पैसे मोजून दुसऱ्या दवाखान्यात जाण्याची ऐपत नाही. म्हणूनच त्याने रुग्णालयात केलेली तक्रार जास्त गांभीर्याने घ्यायला हवी.

गर्दी मात्र खरी आहे.

‘बीएमजे ओपन’ या नियतकालिकात 2017 मध्ये 67 देशांतल्या प्राथमिक उपचारांचा आढावा छापून आला. स्वीडनमध्ये डॉक्टर एका रुग्णाला सरासरी साडेबावीस मिनिटे देतात, बांगलादेशात 48 सेकंद. भारत या यादीत तळाकडेच आहे. निवासी डॉक्टरांच्या मानेवरचे ओझे कोणी नाकारू नये. पण त्या बाईचा दिवस पुन्हा पाहा. रक्त घेण्याची खिडकी ओपीडीच्या आधी बंद होते, यात डॉक्टरांची संख्या कुठे आड आली? ते वेळापत्रकाचे काम आहे. गोळ्या संपल्या, तो खरेदीचा दोष आहे. राज्याची औषधखरेदी 2017 मध्ये हाफकिन या सरकारी महामंडळाकडे सोपवली गेली, तुटवड्याच्या तक्रारी थांबल्या नाहीत, आणि 2023 मध्ये त्यासाठी वेगळे प्राधिकरण उभारावे लागले. तामिळनाडूने औषधखरेदीचे महामंडळ 1994 मध्येच काढले आणि प्रत्येक रुग्णालयाच्या हाती पासबुक दिले. वाट्याची किती रक्कम उरली हे त्यात दिसते. गर्दी तिथेही आहे.

तिसरे उत्तर सर्वांत अन्यायाचे. कोणती गोळी द्यावी याबद्दल ती बाई हुज्जत घालतच नाही. किती वेळ उभे राहावे लागले, काय मिळाले नाही, गोळी जेवणाआधी की नंतर हे कोणी समजावले का, एवढेच ती सांगते. केसपेपरच्या खिडकीपासून औषधांच्या खिडकीपर्यंतचा सगळा रस्ता चालणारी तीच एकटी असते. डॉक्टरांना आपली खोली दिसते, फार्मासिस्टला आपले स्टोअर.

तक्रारींना वाव दिला की डॉक्टरांवर हात उचलला जाईल, अशी भीतीही काही जण घालतात. धुळ्यात 2017 मध्ये निवासी डॉक्टरला झालेल्या मारहाणीत त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. अशा हल्ल्याला कोणतेही समर्थन नाही. त्याविरुद्ध राज्यात 2010 पासून स्वतंत्र कायदा आहे आणि तो कडकपणे लागू व्हावा. पण रिकाम्या स्टोअरचा राग समोर बसलेल्या तरुण डॉक्टरवर निघू नये असे वाटत असेल, तर तो राग ऐकून घेणारी जागा रुग्णालयात हवी.

अशी जागा महाराष्ट्राने करून दाखवली आहे. 2007 मध्ये अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावकऱ्यांनी सेवेचे प्रगतिपत्रक भरले आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांना लोकांसमोर उत्तरे द्यावी लागली. जिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीलाही हे जमेल. डॉक्टरांच्या टेबलावर रोज सकाळी उपलब्ध औषधांची यादी असावी, म्हणजे स्टोअरमध्ये नसलेली गोळी नाइलाजाशिवाय लिहिली जाणार नाही. मधुमेह-रक्तदाबाच्या जुन्या रुग्णांची रांग वेगळी असावी. ओपीडी सुरू असेपर्यंत रक्त घेतले जावे. तोंडी तक्रारही सिस्टरने वहीत नोंदवून तिचा क्रमांक रुग्णाला द्यावा आणि पंधरा दिवसांत उत्तर मिळावे. ज्या क्रमांकापुढे उत्तर लिहिलेले नसेल, ती तक्रार रुग्ण कल्याण समितीच्या पुढच्या बैठकीत पहिला विषय म्हणून घ्यावी आणि त्या तक्रारीवर काय केले ते केसपेपरच्या खिडकीशेजारी लावावे.