सातबाऱ्यावरून सुरू होणारी गुन्हेगारी

गुन्हेगारी चित्रपट पुष्कळ पाहिले, पण ‘मुळशी पॅटर्न’इतका जिवाला भिडलेला दुसरा नाही. 23 नोव्हेंबर 2018 रोजी तो प्रदर्शित झाला. लेखक-दिग्दर्शक प्रवीण तरडे मुळशीचेच. त्यामुळे यातली भाषा उसनी वाटत नाही. शिवीसुद्धा गावातलीच आहे.

इतर टोळीपटांत पैसा, सूड, सत्ता असते. इथे सगळ्याच्या मुळाशी जमीन आहे. हिंजवडीचं आयटी पार्क उभं राहिलं ते याच मुळशी तालुक्यात, आणि भोवतालच्या शेतांचे भाव बघता बघता आभाळाला भिडले. शेती विकलेल्या सखारामवर पहारेकऱ्याचं काम करायची वेळ येते, मग पुण्याच्या मार्केट यार्डात हमाली. मोहन जोशींनी हा बाप खांदे पाडून, जवळजवळ न बोलता उभा केला आहे. माझ्या मते चित्रपटाचा कणा तोच. त्याचा मुलगा राहुल भाईगिरीत शिरतो. ओम भुतकरच्या डोळ्यांतली आग खरी वाटते, कारण बापाचा अपमान आपण आधीच पाहिलेला असतो.

याच मुळशीत 1921 साली टाटांच्या धरणाविरुद्ध शेतकरी सत्याग्रहाला बसले होते, पुढे सेनापती बापटांनी त्यांचं नेतृत्व केलं. तेव्हा जमीन पाण्याखाली गेली, आता काँक्रीटखाली जाते आहे.

2021 मध्ये महेश मांजरेकरांनी ‘अंतिम’ नावाने याचा हिंदी अवतार केला. तोही पाहावा; पण आधी मराठी पाहा, आणि शक्यतो वडिलांना सोबत घेऊन.