मोजणाऱ्यांना मोजा

मागच्या बैठकीत आपल्यातलाच एकजण बोलला. विद्यापीठात शिकतो, डोकं तल्लख. म्हणाला, जात वाईटच, पण एक कबूल करायला पाहिजे. जुन्या गावात जातीमुळं जंगल टिकलं, गवत टिकलं, शिकार टिकली. मोठमोठ्या संशोधकांनी हे मांडलंय. कुणी काही बोललं नाही. मग दुसरा उठला अन् म्हणाला, असली पुस्तकं पेटवून द्या. त्यावर मात्र टाळ्या पडल्या.

मी त्या दिवशी गप्प बसलो. मला वाचायला वेळ लागतो. पाळी सुटल्यावर इंग्रजी पान शब्दकोश मांडीवर घेऊन वाचावं लागतं. आता वाचून झालंय, म्हणून लिहितोय. दोघांच्याही विरोधात लिहितोय.

आधी समोरचा काय म्हणतो ते नीट सांगतो. खोटं बोलून वाद जिंकायचा नाही. १९८३ साली माधव गाडगीळ आणि के. सी. मल्होत्रा यांनी एक निबंध छापला. एक परिसरशास्त्रज्ञ, दुसरे मानवशास्त्रज्ञ. मांडणी अशी की रानात जशा वेगवेगळ्या प्राणिजाती वेगवेगळ्या अन्नावर जगतात अन् एकमेकींच्या वाटेला जात नाहीत, तशा गावातल्या जाती. प्रत्येकीला आपापला कोनाडा. उदाहरणं आपल्याच महाराष्ट्रातली. फासेपारधी फाशात हरणं अन् पाखरं धरणार, नंदीवाले कुत्री घेऊन रानडुकराच्या मागं जाणार, वैदू सापळे लावून लहान जनावरं धरणार. एका जातीचा हक्क पिढ्यान्‌पिढ्या एकाच गोष्टीवर, म्हणून ती जात ती गोष्ट जपून वापरणार. १९९२ साली गाडगीळ आणि रामचंद्र गुहा यांच्या 'धिस फिशर्ड लँड' या पुस्तकात हीच मांडणी पुन्हा आली. विषमता होती हे ते नाकारत नाहीत. गाडगिळांनी २०११ साली सह्याद्रीसाठी दिलेला अहवाल धनदांडग्यांना झोंबला, त्याबद्दल मला आदरच आहे. पण आदर वेगळा अन् हिशेब वेगळा.

आता माझे सवाल.

पहिला. हरणाला मोर होता येत नाही. तिथं राखणदार लागत नाही. माणसाला मात्र दुसरं काम करता येतं. महाराच्या पोराला मास्तर होता येतं, मांगाच्या पोरीला डॉक्टर होता येतं. ते होऊ नये म्हणून शास्त्र लागलं, पंचायत लागली, बहिष्कार लागला, काठी लागली. जी गोष्ट टिकवायला काठी लागते ती निसर्गाची कशी? बाबासाहेबांनी हे १९१६ सालीच सोडवून ठेवलंय. जात म्हणजे लग्नाचं दार आतून बंद करणं. अन् ते दार बंद राहावं म्हणून बाईला जाळणं, विधवेला कोंडणं, लहानग्या पोरीचं लग्न लावणं. रानातल्या कुठल्या प्राण्यानं हे केलं ते मला दाखवा.

दुसरा. या कोनाड्यांच्या गावात महाराचा कोनाडा कोणता? मेलेलं ढोर ओढायचं, सरकारी सांगावा घेऊन उन्हातान्हात पळायचं, गावची शीव राखायची. हा काय रानमेव्यावरचा हक्क आहे? कोनाड्यात लोक दिवा ठेवतात. आम्हाला कोनाड्यात कोंडलं अन् वर म्हणता की भिंत किती छान बांधलीय.

तिसरा. आम्ही थोडकं वापरलं म्हणून निसर्ग वाचला म्हणे. ज्याच्या घरात पीठ नाही त्यानं उपवास धरला असं म्हणता का तुम्ही? आम्ही विहिरीचं पाणी कमी उपसलं, कारण आम्हाला विहिरीवर चढूच दिलं नाही. ही काटकसर नव्हे, ही बंदी. बंदीला शहाणपण म्हणायचं असेल तर तुरुंगातला कैदी सगळ्यात मोठा पर्यावरणवादी.

चौथा. ज्या पारध्याचा कोनाडा तुम्ही कौतुकानं सांगता, त्याच पारध्याला कायद्यानं जन्मजात गुन्हेगार ठरवलं. गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ चा, तो गेला १९५२ साली. कायदा गेला तरी गावात चोरी झाली की पोलीस आधी पालावर जातात. कोनाड्याचं वर्णन करणाऱ्या शास्त्रानं कोनाड्यातल्या माणसाच्या पाठीवरचे वळ का नाही मोजले?

'जातिसंस्थेचं उच्चाटन' या १९३६ च्या भाषणात बाबासाहेबांनी श्रमविभागणीचा बचाव मोडून काढला होता. तोच बचाव आता हिरवा सदरा घालून आलाय. सदरा नवा आहे, आतला माणूस ओळखीचा आहे.

मोजण्याचा हा खेळ जुना आहे. १९०१ च्या खानेसुमारीचा मुख्य अधिकारी हर्बर्ट रिस्ले. त्यानं माणसांची नाकं मोजली. १९०८ साली 'द पीपल ऑफ इंडिया' पुस्तक काढलं. म्हणे नाक जितकं रुंद, तितकी जात खालची. आमची अब्रू नाकाच्या मापात बसवली. १९१५ साली त्रिंबक नारायण आत्र्यांचा 'गावगाडा' आला. पुस्तक दांडगं आहे, माहिती अस्सल आहे, अजून वाचावं असं आहे. पण लिहिणारा महसूल खात्यातला माणूस. तो गाव पाहतो कुणब्याच्या खळ्यावर बसून. तिथून बघितलं की बलुतं मागायला आलेला महार ओझं दिसतो अन् पालं ठोकणारा फिरस्ता उपद्रव दिसतो. महारवाड्यातून गाव कसं दिसतं ते त्या पुस्तकात येत नाही. कसं येणार? तिथं कुणी लेखणीच दिली नव्हती.

मला मोजण्याचा राग शिकून आलेला नाही. गिरणीत एकदा घड्याळवाला आला. हातात स्टॉपवॉच, बगलेत पाटी. आठ दिवस माझ्या मागं उभा राहिला. तुटलेलं सूत मी किती सेकंदात जोडतो, पाणी प्यायला किती वेळा जातो, सगळं लिहून घेतलं. माणूस गोड बोलायचा. मी विचारलं, काय लिहिलं ते दाखवा की. तो हसला. अहवाल गेला मालकाकडं. महिन्याभरात माझ्या वाट्याच्या साईडी वाढल्या, पगार तेवढाच राहिला. कापसाची पूड नाकात किती गेली ते त्याच्या पाटीवर नव्हतं. आकडे त्याचे खरे होते. खोटं काहीच नव्हतं. फक्त सवाल मालकाचे होते.

मित्रांनो, पुस्तकांचं हेच आहे. आकडा खोटा असतो असं नाही. सवाल कुणाचा, ते आधी बघायचं.

आता पेटवा म्हणणाऱ्या मित्राकडं येतो. लेका, २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली. पण जाळणाऱ्यानं ती वाचली होती का नव्हती? ओळ न् ओळ वाचली होती. अन् त्या परिषदेत जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्मानं ब्राह्मण होते. तेव्हा लेखकाचं आडनाव बघून पुस्तक फेकायचं, ही बाबासाहेबांची रीत नव्हे. ही आळशाची रीत आहे.

त्यांची रीत कोणती? ९ मे १९१६. न्यूयॉर्क, कोलंबिया विद्यापीठ. मानवशास्त्राचे अध्यापक गोल्डनवायझर यांचा अभ्यासवर्ग. पंचवीस वर्षांचा एक महार पोरगा उभा राहतो अन् जातीवर निबंध वाचतो. सेनार्ट, नेसफिल्ड, रिस्ले, आपले ज्ञानकोशकार केतकर, एकेकाची व्याख्या घेतो, तिच्यात काय बरोबर अन् काय चूक ते सांगतो, मग स्वतःची मांडतो. १९१७ साली तो निबंध छापून आला. तोवर आपण मानवशास्त्राच्या पुस्तकात नमुना म्हणून होतो. त्या दिवशी नमुना उठून मास्तरांच्या टेबलापाशी गेला. पुढं १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये त्यांनी नाकांची ती मापंच हातात घेतली. घुर्यांच्या पुस्तकातले आकडे मांडून दाखवलं की वंशाचा सिद्धांत त्यात टिकत नाही, ब्राह्मण अन् अस्पृश्य वंशानं वेगळे ठरत नाहीत. फुटपट्टी त्यांचीच. फिरवली आपण.

सगळे अभ्यासक मालकाचे घड्याळवाले असतात असंही मी म्हणणार नाही. गेल ऑम्वेट अमेरिकेतून फुल्यांच्या चळवळीवर प्रबंध लिहायला आल्या. प्रबंध झाला १९७३ साली. पण त्या कागद घेऊन पसार झाल्या नाहीत. इथंच राहिल्या, कासेगावच्या झाल्या, मोर्च्यात चालल्या, २०२१ साली इथल्याच मातीत गेल्या. २०१७ साली मुकुल शर्मांचं जात आणि निसर्गावरचं इंग्रजी पुस्तक आलं. पर्यावरणाच्या चर्चेत दलित कुठंय, हा सवाल त्यात आहे. चांगलं झालं. पण ते पुस्तक विकत घ्यायला मला काही दिवसांची मजुरी मोजावी लागते. आपल्यावर लिहिलेलं, आपल्या भाषेत नाही, आपल्या खिशाला झेपत नाही. असं किती दिवस चालायचं?

तेव्हा आपणच लिहायचं. हे काही नवं नाही. १९७८ च्या २७ जुलैला विधिमंडळानं नामांतराचा ठराव केला अन् मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. तेव्हा अत्याचार विरोधी समितीची माणसं गावोगाव फिरली, जळालेली घरं बघितली, बायामाणसांशी बोलली, अहवाल तयार केला. १९७९ साली तो 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त छापून आला. आज त्या दंगलीवर लिहिणाऱ्या प्राध्यापकाला तो टाळता येत नाही. १९८९ साली उर्मिला पवार अन् मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या बायांना शोधून काढलं, त्यांच्या तोंडून ऐकलं अन् 'आम्हीही इतिहास घडवला' लिहिलं. त्यांनी कुणाची वाट पाहिली नाही.

अन् आपण? नागसेनवनाच्या आजूबाजूला राहतो आपण. मिलिंद महाविद्यालय बाबासाहेबांनी १९५० साली इथं काढलं. विद्यापीठाच्या नावासाठी आपल्या लोकांनी १९९४ च्या १४ जानेवारीपर्यंत सोळा वर्षं मार खाल्ला. ते नाव काय नुसतं कमानीवर वाचायला मिळवलं? त्या कमानीतून आत जाऊन आपली पोरं बाहेर येतात ती 'जातीमुळं जंगल टिकलं' असं सांगत. मला त्या मित्राचा राग नाही. त्याच्या हातात दुसरं पुस्तक आपण दिलं नाही, ही चूक आपली.

हा वाद नुसता पुस्तकातला नाही. गायरानाचं बघा. १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या मागं भूमिहीनांनी जमिनीसाठी तुरुंग भरले. मराठवाड्यात आपल्या लोकांनी गायरानं नांगरली, मार खाऊन नांगरली. १९९१ च्या शासननिर्णयानं १४ एप्रिल १९९० पर्यंतचे असे कसणारे कायम करायचं ठरलं. तरी कित्येकांच्या नावावर सातबारा झाला नाही. मग २०२२ साली उच्च न्यायालयानं गायरानावरची अतिक्रमणं काढायला सांगितलं अन् पुन्हा नोटिसा आल्या. आता उद्या अधिकारी कोणतं पुस्तक उघडील? जे सांगतं की गावाची सामायिक जमीन जुन्या रिवाजानं नीट राखली जात होती अन् अतिक्रमणानं तिचा नाश झाला. सामायिक! गावची विहीर सामायिक होती, आम्ही सोडून. तळं सामायिक होतं, आम्ही सोडून. महाडच्या तळ्यावर गुरंढोरं पाणी पीत होती. २० मार्च १९२७ ला माणसं प्यायली तर त्यांनी शेण अन् गोमूत्र ओतून तळं शुद्ध केलं. या देशातल्या पाण्याच्या अभ्यासाचं पहिलं पान हे आहे. ज्या पुस्तकात ते पान नाही, ते पुस्तक अर्धं आहे. अर्ध्या पुस्तकावर आपल्या माणसाची जमीन जाणार असेल तर उरलेलं अर्धं आपल्याला लिहावंच लागेल.

म्हणून सरळ काम सांगतो. येत्या सुट्टीत प्रत्येकानं आपापल्या गावाला जायचं. शंभर पानी वही घ्यायची. लिहून आणायचं:

गावात विहिरी, हातपंप, नळ किती, अन् आपली वस्ती कुठून पाणी भरते. टँकर आला तर आधी कुठं थांबतो.

गायरान किती, कोण कसतंय, कधीपासून, नावावर आहे का. तलाठ्याकडून उतारा काढायचा. तोंडी ऐकून लिहायचं नाही.

आपल्या मसणवट्याला वाट आहे का. वाट कुणाच्या शेतातून जाते.

मेलेलं जनावर आज कोण उचलतं. गटार कोण काढतं. पैसे किती मिळतात.

म्हाताऱ्या बायांना विचारायचं की दुष्काळात त्यांनी पाणी कुठून आणलं, काय खाल्लं. १९७२ चा दुष्काळ बघितलेल्या आज्या आता थोड्याच उरल्यात. उद्या उशीर होईल.

अन् एक शेवटचं. जे लिहिलं ते त्याच लोकांना त्याच ओट्यावर बसून वाचून दाखवायचं. चुकलं म्हणाले तर खोडायचं. घड्याळवाल्यानं मला जे दाखवलं नाही, ते आपण दाखवायचं. आपल्या अभ्यासात अन् त्यांच्या अभ्यासात एवढा तरी फरक पाहिजे.

वह्या आल्या की या अंकाची पानं त्यांच्यासाठी. कवितेला जागा कमी पडली तरी चालेल, माझ्यासुद्धा.

विद्यापीठातल्या मित्रा, तू पुढं बस. ते १९८३ चं पान अन् आपली वही शेजारी ठेवून ताडून बघायचं काम तुझं. पेटवा म्हणणाऱ्या मित्रा, तू तुझ्या गावची वही आधी आण. मग बघू काय पेटवायचं ते.

जयभीम.