हाडूक अडकलंय की कुत्रं पिसाळलंय?

शेतकरी बंधूंनो, बैल घेताना आपण आधी दात बघतो. पण राखणीच्या कुत्र्याचं तोंड कधी बघतो का? धडधाकट, ओळखीच्या कुत्र्याचं महिन्यातून एकदा जरूर बघावं. जबडा फाकवायची गरज नाही. बाजूला बसून ओठ हळूच वर उचला. दातांवर पिवळं-तपकिरी कीटण, लालभडक हिरड्या, घाण वास आढळला तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. मांजराचीही हीच रीत.

मात्र लाळ गळतेय, जबडा लोंबतोय, गिळता येत नाही, असं दिसलं की आपण म्हणतो, "घशात हाडूक अडकलंय," आणि हात घालतो. इथेच घात होतो. रेबीजचीही हीच लक्षणे आहेत. कुत्रं चावलंच पाहिजे असं नाही. हाताच्या चिरेला लाळ लागली तरी पुरे. रोग उमटल्यावर माणूस सहसा वाचत नाही.

तेव्हा अशा जनावराच्या तोंडाला हात लावू नका, पशुवैद्यकाला बोलवा. लाळ लागलीच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या. माझ्या मते, ग्रामपंचायतीने दरवर्षी गावातल्या कुत्र्यांना लस टोचून घेणे हे पाणीपुरवठ्याइतकेच गरजेचे काम आहे.