संशय जातीवर नको, पुराव्यावर हवा!

मिरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय १ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झाले. अशा ठिकाणच्या भरतीत राखीव जागेवर निवड होऊन आपल्या वस्तीतील मुलगा किंवा मुलगी खाकी वर्दी चढवते, तेव्हा साऱ्या वस्तीची मान उंचावते. ते रास्तच आहे. पण प्रशिक्षणात फौजदारी कायद्याबरोबर गुन्हेगारीशास्त्राची ओळख करून देताना त्यांच्यासमोर गुन्हेगार म्हणून कोणाचा चेहरा उभा राहतो? हा प्रश्न चळवळीने विचारलाच पाहिजे.

इटलीच्या लोम्ब्रोसोने १८७६ साली ‘जन्मजात गुन्हेगार’ हा सिद्धांत मांडला. कवटी, जबडा, कान पाहून गुन्हेगार ओळखता येतो, असा त्याचा दावा होता. तो पुढे शास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. मात्र भारतात लोम्ब्रोसोची गरजच नव्हती. जन्मावरून माणसाची लायकी ठरवणारी मनुवादी व्यवस्था येथे आधीच होती. तिच्यावर इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायद्याचे शिक्कामोर्तब केले. पारध्याचे मूल पाळण्यातच गुन्हेगार ठरले! हा कायदा १९५२ साली रद्द झाला; पण १९५९ चा मुंबई सराईत गुन्हेगार कायदा आला आणि संशयाची नजर तशीच राहिली. माणसांना गुन्हेगारीवर जगायला लावणाऱ्या संस्कृतीला संस्कृती कसे म्हणावे, असा सवाल डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली अस्पृश्यांविषयीच्या आपल्या ग्रंथात उभा केला होता. त्यानंतर ७० वर्षांनी, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात भटक्या समाजातील पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठेचून मारले. पुरावा कोणता? फक्त अफवा आणि त्यांचा भटका वेश!

आता वसई-विरारकडे पाहू. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सदरलँड यांनी १९३९ साली दाखवून दिले की, प्रतिष्ठित माणसे आपल्या व्यवसायाच्या आडून गुन्हे करतात आणि त्यांना कोणी गुन्हेगार म्हणत नाही. हा सिद्धांत समजून घ्यायला अमेरिकेला जायला नको. नालासोपारा पूर्वेला डम्पिंग ग्राउंड आणि सांडपाणी प्रकल्पासाठी आरक्षित जमिनीवर बनावट कागदपत्रांच्या आधारे ४१ इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशाने फेब्रुवारी २०२५ पर्यंत त्या पाडल्या गेल्या. आयुष्याची पुंजी घातलेली कष्टकरी कुटुंबे रस्त्यावर आली. ऑगस्ट २०२५ मध्ये विरार पूर्वेला रमाबाई अपार्टमेंट ही अनधिकृत इमारत कोसळून १७ जणांचा बळी गेला. या इमारती काय एका रात्रीत उगवल्या? पाकीटमार पकडायला झोपडपट्टीत कोंबिंग ऑपरेशन होते. मग बनावट शिक्के आणि खोटे परवाने शोधायला कोणत्या बंगल्याची झडती घ्यायची, हे प्रशिक्षणार्थींना कोण शिकवणार?

ज्या समाजाकडे संशयाने पाहिले जाते, त्याची फिर्यादही संशयानेच ऐकली जाते. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम १८-अ नुसार गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. तरीही आपल्या माणसाला ठाण्याच्या पायऱ्या का झिजवाव्या लागतात, याचे उत्तर याच नजरेत आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातील जातीवर आधारित कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीपणे अटक होऊ नये, अशी ताकीद पोलिसांना दिली. हा निकाल प्रत्येक प्रशिक्षण केंद्रात शिकवला गेला पाहिजे. त्याच्याच जोडीला राईनपाडा आणि नालासोपाऱ्याच्या ४१ इमारती अभ्यासाला ठेवा, ही आमची मागणी आहे.

आणि वर्दीतल्या आमच्या मुला-मुलींना एवढेच सांगतो : ही वर्दी तुम्हाला संविधानाने दिली आहे. ती अंगावर चढवून मनूच्या डोळ्यांनी पाहू नका!